होडीवरच्या शेगडीची ज्योत पुन्हा पुन्हा पिवळी पडते, त्याचा शोध कुठून घ्यायचा

दसरा झाला, झापांखाली शाकारून ठेवलेल्या छोट्या शिडाच्या होड्या पाण्यात उतरल्या, की आठवड्याभरात एक तक्रार हमखास कानावर येते. शेगडी पिवळी जळते, पातेल्यांची बुडं काळी होतात. साफ केली की चार दिवस बरी चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या २२ फुटी होडीवर मी हे सलग तीन हंगाम सोसलं. आधी बर्नर बदलला, मग रेग्युलेटर, शेवटी शेगडीच नवी आणली. नवीही महिन्याभरात तशीच झाली. तेव्हा कुठे लक्षात आलं की बिघाड जिथे दिसतो तिथेच मी दर वेळी हात घालत होतो. दुखणं बहुतेक वेळा ज्योतीच्या मागे असतं: हवेच्या तोंडात, नळीत, टाकीच्या तळात, नाहीतर पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या चार महिन्यांत. खाली लिहिलेला क्रम त्यानंतर बसला. जयगडच्या खाडीपासून मालवणपर्यंत वेगवेगळ्या होड्यांवर तो मी वापरून पाहिला आहे. गॅसची शेगडी आणि रॉकेलचा पंपाचा स्टो या दोन्हींबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे हीच दोन जास्त दिसतात.

आधी एक वाटी धरून बघा

काहीही उघडण्याआधी स्टीलची स्वच्छ वाटी घ्या, तिच्यात दोन घोट पाणी घाला, सांडशीत धरा आणि तिचं बूड ज्योतीच्या टोकावर दहा-पंधरा सेकंद ठेवा.

बूड काळं झालं तर जळण अपुरं होतंय. हवा कमी पडते आहे किंवा इंधन गरजेपेक्षा जास्त येतंय. पण बूड कोरं राहिलं आणि तरीही ज्योत पिवळी-नारिंगी दिसत असेल, तर तो रंग मिठाचा आहे. मिठातला सोडियम तापला की ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळाजर्द प्रकाश देतो. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे याच गुणावर चालत. समुद्रावर हवेतच मिठाचे बारीक कण असतात, बर्नरच्या भोकांवर खार बसलेला असतो, आणि ज्योत रंगायला तो थोडासुद्धा पुरतो.

हा फरक आधी कळला असता तर माझा एक रेग्युलेटर आणि एक चांगला बर्नर वाचला असता. मिठाच्या पिवळ्या ज्योतीत आतला निळा सुळका शाबूत असतो, ज्योतीची धार स्वच्छ असते, आवाज नेहमीचाच असतो. काजळीची पिवळी ज्योत लांब, ढिली आणि हलणारी असते. तिला सुळका नसतो आणि डोळ्यांना किंचित झोंबते. एकदा दोन्ही शेजारी बघितल्या की पुन्हा चूक होत नाही.

मिठाची ज्योत स्वयंपाकाला अपाय करत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. जो खार ज्योत रंगवतो तोच पुढे भोकं बुजवतो आणि पत्रा खातो. त्यात समुद्राचं मीठ कोरडं पडून राहत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याआधीच ओलं होतं. आपल्या किनाऱ्यावर रात्रीची हवा हिवाळ्यातही कित्येकदा याहून दमट असते. म्हणजे बर्नरवरचा खार दिवसा वाळतो, रात्री पाझरतो आणि पाझरता पाझरता खोल उतरतो.

म्हणूनच कोरड्या फडक्याने पुसणं व्यर्थ आहे. खार फक्त इकडून तिकडे पसरतो. बर्नरची टोपी काढायची, ती आणि भोवतालची थाळी गोड्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने दोनदा पुसायची, दर वेळी फडकं पिळून पाणी टाकून द्यायचं, मग टोपी पुन्हा बसवून शेगडी मिनिटभर पेटवून वाळवायची. होडीवर गोडं पाणी मोजूनमापून वापरावं लागतं हे मान्य, पण या कामाला दोन पेले पुरतात. मी हे रोज संध्याकाळी नांगर टाकल्यावर करतो. तेव्हापासून चार दिवसांचं ते चक्र थांबलं.

वाटी काळी झाली तर हवेचं तोंड बघा

गॅसच्या शेगडीत निपलच्या बारीक भोकातून गॅस वेगाने सुटतो आणि बर्नरच्या मानेला असलेल्या खिडकीतून हवा आपोआप आत ओढतो. ही खिडकी किंवा तिच्यापुढची नळी निम्मी बुजली की गॅस तेवढाच राहतो, हवा अर्धी होते आणि काजळी सुरू होते.

बुजवतं कोण? आपल्याकडे पहिला संशय कुंभारणीवर घ्या. बारीक कमरेची, चिखलाचं घर बांधणारी ही माशी भिंतीत, खुंटीच्या भोकात, बंद पडलेल्या नळीत कुठेही घर करते. चार महिने शांत, अंधारी, कोरडी नळी मिळाली तर ती सोडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला मी तीन वेगवेगळ्या शेगड्यांच्या मानेतून वाळलेली माती काढली आहे. कोळ्याचं जाळंही तितकंच फसवं असतं. ते दिसत नाही, हवेला मात्र अडवतं. बाटली धुवायचा बारीक ब्रश मानेतून आरपार घालून फिरवा, दुसऱ्या बाजूने टॉर्च धरा आणि उजेड आरपार दिसल्याशिवाय समाधान मानू नका.

नळी स्वच्छ असेल तर निपल. इथे एक कळकळीची विनंती आहे: गॅसच्या निपलमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, आणि मग ती काजळी कुठल्याच साफसफाईने जात नाही. निपल काढा आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा, देवघरातली कळकलेली पितळी समई घासतो तसाच हा प्रकार. मग गोड्या पाण्यात चांगला खळबळून सायकलच्या पंपाने हवा मारा. चिंचेचा अंश राहू देऊ नका. आंबट आणि खारट एकत्र आलं की पितळ आणखी लवकर कळकतं.

आणखी एक कारण हल्ली वाढलं आहे. मुंबईच्या घरात पाइपचा गॅस आला, मग जुनी शेगडी कशाला फुकट घालवा म्हणून ती होडीवर येते. पाइपच्या गॅससाठी तिची निपलं आधीच बदललेली असतात. त्या गॅसचा दाब कमी आणि तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी, म्हणून भोकं मोठी असतात. त्याच भोकांतून सिलिंडरचा गॅस सोडला की ज्योत वीतभर उंच, पिवळी आणि धुराची. अशी शेगडी छपराखाली पेटवणं धोक्याचं आहे. सिलिंडरच्या गॅससाठीची निपलं बसवून घेतल्याशिवाय ती वापरू नका.

सिलिंडर संपत आला की ज्योत तांबूस होते हे घरी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हलका प्रोपेन आधी उडून जातो, जड भाग शेवटी उरतो. तेव्हा काही उघडण्याआधी सिलिंडर उचलून वजन बघा. भरलेला सिलिंडर आडवा किंवा फार कलता ठेवला तर उलट त्रास होतो: वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो आणि ज्योत एकदम भडकते. तो उभाच हवा आणि दोन ठिकाणी बांधलेला हवा.

नांगरावर ठीक, शिडावर निघालं की फुरफुर

ही खूण रॉकेलच्या स्टोची. मालवणला एकदा मी धक्क्यावर बसून स्टो पूर्ण खोलायला घेतला होता. बाजूला जाळं विणत बसलेले एक वयस्क तांडेल बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "स्टो कित्याक खोलतंस? आधी रॉकेल बघ." मी टाकीतलं रॉकेल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. तासाभरात तळाला बोटभर पाणी स्वच्छ वेगळं दिसलं.

रॉकेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी खाली बसतं. होडी नांगरावर निवांत असताना ते खालीच राहतं आणि स्टो सुरळीत चालतो. शिडं चढवली, होडी डुलायला लागली की टाकीचा तळ ढवळतो, पाण्याचा थेंब तापलेल्या बर्नरमध्ये जातो, वाफ होते, ज्योत थुंकते, फुरफुरते, विझते. आपण पिन मारतो, पंप मारतो, निपल बदलतो. संध्याकाळी नांगर पडला की सगळं आपोआप ठीक होतं आणि आपल्याला वाटतं, दुरुस्ती लागू पडली.

पाणी येतं कुठून? अर्ध्या भरलेल्या टाकीतल्या रिकाम्या जागेत दमट हवा असते. रात्री गारव्याने तिचं पाणी आतल्या पत्र्यावर धरतं आणि खाली उतरतं. त्याच पाण्यात टाकीचा तळ आतून गंजतो आणि गंजाचा चुरा निपलपर्यंत जातो. उपाय सोपा आहे. टाकी भरलेली ठेवा किंवा पूर्ण रिकामी. रॉकेल ओतण्याआधी पारदर्शक बाटलीत रात्रभर बसू द्या, वरचं ओता, तळाचं दोन बोटं टाकीत जाऊ देऊ नका. गाळायला जाड सुती कापडाची दुहेरी घडी घ्या. कापड चुरा अडवतं, पाणी मात्र बसू देऊनच वेगळं करावं लागतं.

पंपाचा स्टो ज्या तत्त्वावर चालतो ते १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने बांधलेल्या प्रायमसचंच आहे: पंपाच्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, तिथे त्याची वाफ होते, ती वाफ निपलमधून सुटते आणि जळते. हे एवढं ध्यानात राहिलं की स्टोचे निम्मे रोग कळतात. नळी पुरेशी तापली नसेल तर वाफेऐवजी पातळ रॉकेल बाहेर येतं आणि लाल भडका उडतो. भडका उडाला की फुंकर मारू नका, आणखी पंपही मारू नका. हवेचा स्क्रू सोडून दाब काढा, ज्योत आपोआप खाली बसेल, मग पुन्हा नीट तापवा.

होडीवर नेमकं हे तापवणंच चुकतं. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घातलं तर होडी कलली की ते एका बाजूने सांडतं. वारा असला की बर्नरची एकच बाजू तापते. म्हणून मी वाटीवर अवलंबून राहत नाही, काकडा वापरतो: स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरच्या मानेला चिमट्यासारखा घट्ट बसतो, सांडत नाही आणि सगळीकडून तापवतो. एक काकडा पूर्ण विझत आला की पंपाचे चार-पाच हात, त्याहून जास्त सुरुवातीला नको.

दाब टिकत नसेल तर आधी पंपाचा चामडी वॉशर. चामडं वाळलं की आकसतं, हात हलका लागतो. वॉशर काढून तेलात तासभर भिजवा, कडा बोटांनी बाहेर फाकवा, परत बसवा. त्यानेही भागलं नाही तर पंपाच्या तळाची झडप आणि टाकीच्या झाकणाचा वॉशर साबणाच्या पाण्याने तपासा. बर्नरच्या नळीत कित्येक महिन्यांचा कोळसा धरला असेल तर मात्र बर्नर बदलणंच बरं. एक बर्नर, दोन निपलं, चार वॉशर आणि पिनांची पुडी डब्यात ठेवूनच निघावं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रॉकेल मिळालं नाही म्हणून स्टोत पेट्रोल किंवा थिनर घालू नका, त्यात थोडंसं मिसळूही नका. बंद टाकी, दाब आणि शेजारी उघडी ज्योत अशी ती मांडणी आहे. यात दुसरी संधी मिळत नाही.

गॅसची ज्योत मधेच बारीक होते, उडी मारते, विझते

वारा हे पहिलं कारण. दुपारी वायव्येचा वारा जोरात सुटला की तो दारातून आत येऊन बर्नरची ज्योत उचलतो. तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा, चौथी बाजू हवेसाठी मोकळी ठेवा. कॅनवर बसणाऱ्या छोट्या शेगड्यांना मात्र चहूकडून आडोसा करू नका, त्यात कॅन तापतो. अशा कॅनचा पातळ पत्रा खाऱ्या हवेत फार लवकर गंजतो. गंजाचे ठिपके दिसलेला कॅन होडीवर राहता कामा नये.

दुसरं कारण रेग्युलेटर. त्याच्या अंगावर हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते खाराने किंवा मातीने बुजलं की आतला रबरी पडदा नीट हलत नाही आणि दाब वरखाली होतो. भोक खाली तोंड करून राहील असा रेग्युलेटर बसवा. तो खोलून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, सरळ बदला.

तिसरं कारण नळी. केशरी सुरक्षा नळी घरी पाच वर्षांनी बदलायला सांगतात. तिच्या आत पोलादी तार असते आणि कापलेल्या टोकाशी ती उघडी पडते. होडीवर ते टोक गंजून फुगतं, म्हणून मी दोन वर्षांत बदलतो. उंदरांकडेही लक्ष असू द्या. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत ते येतातच.

गळती तपासायला महागडं काही लागत नाही. शेगडीची बटणं बंद, सिलिंडर उघडा, पुन्हा बंद करा आणि वीस मिनिटं थांबा. मग काडी धरून बटण उघडा. नळीत अडकलेला गॅस काही क्षण जळायला हवा. काहीच पेटलं नाही तर तो वीस मिनिटांत कुठेतरी निघून गेला आहे. मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधा. काडीने शोधू नका.

वास आला तर

घरात गॅस गळला तर खिडकीतून, दारातून काही तरी बाहेर जातो. होडीला दाराच्या पातळीला उंबरठा असतो आणि खाली बंद तळ. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि तळात साचून राहतो. हवेत साधारण २ टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो. माझ्या होडीच्या आतली जागा अंदाजे सहा घनमीटर आहे. हिशेब केला तर पाव किलो गॅस पुरे, आणि तो तळाशी दाटतो म्हणून त्याहून कमीही.

वास येताच ज्योत असेल तर विझवा, सिलिंडर बंद करा, झडपा आणि दारं उघडा. दिव्याचं बटण दाबू नका, इंजिन चालू करू नका, तळातलं पाणी काढायचा विजेचा पंपही नको, कारण ठिणगी तिथेच पडते. सगळ्यांना वर डेकवर बोलवा. मग बादली घ्या आणि तळातून गॅस उपसा, जसं पाणी उपसतो तसा. रिकामी दिसणारी बादली बाहेर उलटी करताना विचित्र वाटतं, पण जड वायू असा खरोखर उपसला जातो. वास पूर्ण गेल्यावरही अर्धा तास थांबा.

यासाठीच सिलिंडर होडीच्या पोटात ठेवू नये. त्याची जागा उघड्या डेकवर, किंवा ज्याच्या तळाला पाण्याच्या पातळीच्या वर बाहेर उघडणारं भोक आहे अशा बंद खणात. एक सवय लावून घ्या: चहा झाला की आधी सिलिंडर बंद, नळीतला गॅस जळून संपू द्या, मग शेगडीचं बटण.

गॅस असो, रॉकेल असो, स्पिरिट असो, दारं लावून ऊब घ्यायला किंवा कपडे वाळवायला शेगडी चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

मुळात कुठली शेगडी घ्यावी

एक लिटर पाणी २८ अंशांवरून उकळायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. वाऱ्यावरच्या शेगडीत निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर गॅस १३ ग्रॅम, रॉकेल १४ ग्रॅम, आणि स्पिरिट जवळजवळ दुप्पट, २५ ग्रॅमच्या आसपास. दोघांचा चार दिवसांचा प्रवास असेल तर हा फरक पाठीवरून वाहून आणावा लागतो.

तरीही एक-दोन रात्री खाडीत काढणाऱ्या छोट्या होडीला मी बिनदाबाची स्पिरिटची शेगडी सुचवतो. तिच्यात पंप नाही, झडप नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आणि गळलं तर तळात जड गॅस साचत नाही. तिचे दोष माहीत हवेत. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, त्यामुळे विझली समजून लोक गरम शेगडीतच स्पिरिट ओततात. अपघात असेच घडतात. हात लावता येईल इतकी थंड झाल्याशिवाय आणि ज्योतीजवळ हात नेऊन खात्री केल्याशिवाय भरू नका. पिण्याच्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटलीत स्पिरिट ठेवू नका, ते विषारी असतं.

लांब जायचं असेल आणि सिलिंडरला डेकवर योग्य जागा असेल तर ५ किलोच्या सिलिंडरवरची एका बर्नरची शेगडी. रॉकेलचा स्टो मला मनापासून आवडतो, त्याचा आवाज ऐकला की होडी घर वाटते. पण रेशनवर सहज रॉकेल मिळण्याचे दिवस जवळजवळ गेले आहेत, आणि जे इंधन पुढच्या बंदरात मिळेल याची खात्री नाही त्यावर चूल मांडू नये. विजेच्या शेगडीबद्दलही विचारतात. एक लिटर पाण्याला शंभर वॅट-तास धरा. लिथियमची मोठी बॅटरी असेल तर चहा निघतो, भात-आमटीचं रोजचं गणित छोट्या होडीवर बसत नाही.

दुकानात चकाकणारं सगळं स्टील सारखं नसतं. स्वस्त शेगड्यांत बऱ्याचदा २०२ जातीचं असतं, त्याला खाऱ्या हवेत महिन्यातच तांबूस ठिपके येतात. ३०४ बरं, ३१६ सर्वांत टिकाऊ आणि महाग. बर्नर पितळी घ्या. काचेची झाकणवाली शेगडी होडीवर नको.

झोका

शेगडी झोक्यावर टांगली असेल तर आस होडीच्या लांबीच्या दिशेने हवा, म्हणजे होडी डाव्या-उजव्या कुशीवर झुकली तरी शेगडी सपाट राहते. खाली वजन नसलेल्या एका बर्नरच्या शेगडीवर भरलेलं पातेलं ठेवलं की भार आसाच्या वर जातो आणि सगळं एका क्षणात उलटतं. शेगडीखाली शिशाचे तुकडे पक्के बसवा आणि पेटवण्याआधी पाणी भरलेल्या पातेल्यासह हाताने हेलकावून बघा. गॅसची नळी झोक्याबरोबर हलते तेव्हा ती कुठे घासत तर नाही, हेही त्याच वेळी तपासा.

भांड्यांना चिमटे हवेतच. समुद्रावर सर्वांत सुरक्षित भांडं म्हणजे छोटा कुकर. झाकण बंद असतं, लवंडला तरी उकळतं पाणी मांडीवर येत नाही, आणि इंधनही कमी लागतं. उकड्या तांदळाची पेज मला प्रिय आहे, पण ती नांगरावर. शिडावर असताना कुळथाची पिठी: आधण, फोडणी, पीठ, पाच मिनिटांत शेगडी बंद. सोबत आमसुलाचं सार करायचं असेल तर सकाळीच, मतलई वाऱ्यात पाणी शांत असताना.

आगीसाठी कोरड्या पावडरचं नळकांडं दाराजवळ ठेवा. शेगडीच्या मागे टांगलं तर ज्वाळांतून हात घालावा लागतो. एक ओलं गोणपाट हाताशी असू द्या. पसरलेल्या रॉकेलवर किंवा तेलावर पाणी मारू नका, गोणपाटाने झाका.

पावसाळ्याआधी

पुढच्या दसऱ्याची तक्रार मे महिन्यातच थांबवता येते. शेगडी होडीतून काढून घरी न्या. बर्नर, टोपी, निपल, थाळी गोड्या पाण्याने धुऊन उन्हात दोन दिवस वाळवा. आट्यांना किंचित ग्रीस लावा, नाहीतर नट धरून बसतात. बर्नरच्या मानेची दोन्ही तोंडं कापडाचे बोळे घालून बंद करा आणि बोळ्यांना लाल दोरा बांधून तो बाहेर लोंबता ठेवा, म्हणजे काढायचं विसरत नाही. रॉकेलची टाकी पूर्ण रिकामी करून उलटी ठेवा, चामडी वॉशर तेलाच्या डबीत टाका. सिलिंडर होडीवर ठेवू नका. त्याच्या मानेच्या पट्टीवर चाचणीची तारीख असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्षाचे दोन आकडे. ती उलटून गेली असेल तर तसा सिलिंडर घेऊच नका.

होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी शेगडी आधी धक्क्यावर, मोकळ्या हवेत पेटवा. लाल दोरे निघाले ना ते बघा, जोडांना फेस लावा, दहा मिनिटं जळू द्या, ज्योतीवर वाटी धरा. बूड कोरं निघालं की मगच ती होडीत घ्या.